दिल्ली ते सॅन फ्रान्सिस्को : अंतर किती, वेळ किती?

(मंडळाच्या मासिक सभेतील भाषण)



मी राज्य शासनाच्या बांधकाम खात्यातला डिप्लोमाधारक. रस्त्याचा आमचा हिशेब सरळ असतो. अंतराला वेगानं भागलं की वेळ निघते. आज मात्र ज्या वाटेला मैलाचे दगडच नाहीत, तिच्याबद्दल बोलतो.

आपल्या इंदूरच्या कितीतरी मराठी घरांतली मुलं कॅलिफोर्नियात आहेत. ती किती लांब आहेत, असं कोणी विचारलं की आपण म्हणतो, "विमानानं पंधरा-सोळा तास." हे उत्तर अर्धंच आहे.

घरी पृथ्वीचा गोल असेल तर दिल्ली आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्यामध्ये दोरा ताणून पाहा. भिंतीवरच्या नकाशात वाट युरोपवरून जाईलशी वाटते. दोरा मात्र थेट उत्तर ध्रुवाजवळून जातो. हे सर्वांत कमी अंतर, सुमारे 12,400 किलोमीटर. ताशी 900 किलोमीटर वेग धरला तर पावणेचौदा तास होतात.

पण विमान नेहमी दोऱ्यावरून जात नाही. 2016 साली एअर इंडियानं दिल्लीहून सॅन फ्रान्सिस्कोला जाणारं विमान पॅसिफिकवरून न्यायला सुरुवात केली. हा रस्ता सुमारे 15,300 किलोमीटरचा, तरी पहिली फेरी साधारण साडेचौदा तासांत झाली. कारण वारा. नऊ-दहा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे वाऱ्याचे जोरदार झोत वाहतात. तो वारा पाठीशी असला की लांबची वाटही लवकर संपते. परतीला तोच वारा समोरून येऊ शकतो. म्हणून येताना सोळा तासांच्या आसपास लागतात.

घड्याळाचा हिशेब आणखी वेगळा. गणपतीच्या दिवसांत तिथली वेळ आपल्या साडेबारा तास मागे असते. आपली रात्री आठची आरती त्यांना सकाळी साडेसातला दिसते. हिवाळ्यात हाच फरक साडेतेरा तासांचा होतो.

आता उरलेलं अर्धं उत्तर. सोळा तास हे फक्त आकाशातले. मुलाला तिकडे घरातून निघून तीन तास आधी विमानतळ गाठायचा आहे. दिल्लीत तपासणी, सामान, पुढच्या विमानाची वाट, मग इंदूरपर्यंत दीड तास. सगळं जुळलं तरी दाराशी यायला पंचवीस-तीस तास लागतात. त्याआधी तिकीट मिळायला हवं, रजा मिळायला हवी. तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय कार्ड किंवा व्हिसा हाताशी हवा.

हे घाबरवण्यासाठी सांगत नाही. रात्री दोन वाजता छातीत दुखू लागलं तर मुलगा फोनवर असेल, पण रुग्णवाहिकेजवळ उभा राहणारा माणूस गल्लीतलाच लागेल. तेव्हा तीन कामं या आठवड्यात करा. आपल्या डॉक्टरांचा, शेजाऱ्यांचा आणि मंडळातल्या एकाचा फोन नंबर मुलांना कळवा. विम्याची आणि औषधांची कागदं एका पिशवीत ठेवून ती जागा शेजाऱ्यांना दाखवा. आपली किल्ली एका विश्वासाच्या घरी द्या.

वाऱ्यावर आपला ताबा नाही. शेजारच्या दारापर्यंतचं अंतर मात्र आपल्या हातात आहे.

गणपती बाप्पा मोरया!