वळसा, खेपा आणि तेल

आग्रा रोडवर उभी हयात घालवलेल्या माझ्या वाहतूकदार बंधू-भगिनींनो,

शिरपुरात उभं राहून अध्यक्ष जहाजांवर काय बोलतोय, असं काहींना वाटेल. पण लढाईत तेल का महागतं, हे तुमच्याइतकं लवकर कुणाला कळणार नाही. सावळद्याचा तापीवरचा पूल बंद पडला, तर तुमच्या गाड्या कमी होत नाहीत की पानेवाडीच्या तेल डेपोतला माल आटत नाही. वळसा वाढतो, महिन्याच्या खेपा घटतात आणि भाडं चढतं. कच्च्या तेलाचं जहाज तर येताना भरलेलं, जाताना रिकामं. वळशाचा भुर्दंड दोन्ही वेळा.

१९६७ च्या युद्धात बंद झालेला सुएझ कालवा उघडला १९७५ मध्ये. आखातातून लंडन साडेसहा हजार सागरी मैलांच्या आत-बाहेर होतं, ते आफ्रिकेला वळसा घालून अकरा हजारांवर गेलं. तेल होतं, जहाजं पुरेनात. दोन-तीन लाख टनांची अवाढव्य जहाजं त्याच काळात फोफावली.

आपल्या आजोबांनी याहून वाईट पाहिलं. मार्च १९४२ मध्ये ब्रह्मदेशातलं रंगून जपान्यांच्या हाती पडलं, आणि एप्रिलमध्ये माघार घेताना इंग्रजांनीच येनान्जाउंगच्या तेलविहिरी उद्ध्वस्त केल्या. आपल्या दिव्यांतलं बरंचसं रॉकेल ब्रह्मदेशाचं. त्या युद्धात पेट्रोल रेशनवर गेलं आणि मोटारींना कोळशाच्या गॅसच्या भट्ट्या लागल्या. तुर्भ्याचे शुद्धीकरण कारखाने तेव्हा कुठले! ते १९५४-५५ चे.

आणि हे सगळं जुनं झालं असंही नाही. २३ डिसेंबर २०२३ रोजी सौदीहून मंगळूरकडे कच्चं तेल आणणाऱ्या ‘केम प्लुटो’वर गुजरातच्या किनाऱ्यापासून सुमारे दोनशे सागरी मैलांवर ड्रोन आदळलं. जहाजावर २१ माणसं, त्यांतली २० भारतीय. पुढच्याच महिन्यात एडनच्या आखातात ‘मार्लिन लुआंडा’ हल्ल्यात पेटलं, तिथेही २२ भारतीय. आग विझवायला ‘आयएनएस विशाखापट्टणम’ची तुकडी धावली. ‘केम प्लुटो’वरचं तेल आपल्या बंदराचं, जीव आपल्या पोरांचे, पण झेंडा होता लायबेरियाचा.

इथे माझं मत रोखठोक आहे. विशाखापट्टणम, मंगळूर आणि पादूरच्या भूमिगत गुहांत सुमारे ५३ लाख टन तेल मावतं. त्या हव्यातच, पण त्या काही दिवस निभावतील; खरी गरज आपल्या जहाजांची आहे. ज्याची गाडी त्याचा भाव, हे तुम्हाला मी काय सांगावं? युद्धक्षेत्रात शिरणाऱ्या जहाजाला फेरीगणिक वेगळा विमा लागतो, तोही जहाजाच्या किमतीवर टक्क्यांत. हल्ला होवो न होवो, हप्ता भरावाच लागतो आणि शेवटी तो आपल्या डिझेलच्या बिलात उतरतो. वालचंद हिराचंदांनी १९१९ मध्ये ‘लॉयल्टी’ जहाज लंडनला धाडून इंग्रज कंपन्यांशी वैर घेतलं होतं. तेलवाहू जहाजांसाठी तेवढा हट्ट आपण धरला नाही; आजही आपलं बहुतेक आयात तेल परक्या झेंड्याखालीच येतं.

तुमच्या ठरावांच्या मसुद्यात डिझेलवरचा कर, टोल आणि बिजासन घाटातली कोंडी आहे. तिन्ही मागण्या रास्त आहेत. माझी विनंती, चौथा ठराव घ्या: भारतीय झेंड्याची तेलवाहू जहाजं वाढवा, आणि त्यांवरच्या खलाशांना युद्धक्षेत्रात जायला नकार देण्याचा हक्क पगार न कापता मिळू द्या. सूचक म्हणून माझं नाव लिहा. अनुमोदक सभागृहातून येऊ द्या.