नावांची रांग
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



इंग्रजी यादीत नावे कोणत्या क्रमाने लावतात, हे सोपे करून सांगावे, असे मला मंडळाने सांगितले आहे. माझे शिक्षण सातवीपर्यंत. तेव्हा कामापुरते जे उमगले, ते घरगुती भाषेत सांगते. बचत गटाचे कागद, मुलांच्या परीक्षेच्या याद्या, मोबाईलमधले नंबर, पुष्कळ ठिकाणी हाच क्रम असतो. तो कळला, की "जरा माझे नाव बघता का?" म्हणून कुणाची आर्जवे करावी लागत नाहीत.

आपली वर्णमाला मोठ्या विचाराने लावलेली आहे. क-ख-ग घशातून, च-छ-ज टाळूपाशी, ट-ठ-ड जीभ वळवून, त-थ-द दातांशी आणि प-फ-ब ओठांवर; आतून बाहेर येत जायचे. इंग्रजीच्या २६ अक्षरांना असा हिशेब नाही. फार जुन्या काळी फिनिशियन लोकांकडून ग्रीकांकडे आणि पुढे रोमनांकडे ती परंपरेने आली. म्हणून ए पासून झेडपर्यंत पाठच करायची. शिवाय त आणि ट दोन्ही 'टी'त, द आणि ड दोन्ही 'डी'त, श आणि स दोन्ही 'एस'मध्ये. आपला ज्ञानेश्वर तर तिकडे 'डी'त जाऊन बसतो!

नियम अगदी थोडे. आधी पहिले अक्षर पाहायचे. ते सारखे असेल तर दुसरे, तेही सारखे असेल तर तिसरे. माला आणि मालती यांची पहिली चार अक्षरे एकच, पण माला तिथेच संपते. जे नाव आधी संपते ते पुढे.

उदाहरण आपल्याच गावाचे घेऊ. २४ फेब्रुवारी १६७४ रोजी नेसरीच्या खिंडीत जे सात वीर पडले, त्यांची नावे परंपरेने अशी सांगतात: प्रतापराव गुजर, विसाजी बल्लाळ, दीपोजी राऊतराव, विठ्ठल पिलाजी अत्रे, कृष्णाजी भास्कर, सिद्दी हिलाल आणि विठोजी शिंदे. मराठी क्रमाने कृष्णाजी, दीपोजी, प्रतापराव, विठोजी, विठ्ठल, विसाजी, सिद्दी. इंग्रजी क्रमाने दीपोजी, कृष्णाजी, प्रतापराव, सिद्दी, विसाजी, विठ्ठल, विठोजी. आता गंमत पाहा. विठ्ठलच्या स्पेलिंगात एक 'टी' घातला तर तो विठोजीच्या पुढे. दोन 'टी' घातले तर मागे. माणूस तोच, एका अक्षराने जागा बदलली. म्हणून आपले स्पेलिंग एकदा ठरवावे आणि सगळ्या कागदांवर तेच ठेवावे.

प्रतापराव हा शिवाजी महाराजांनी दिलेला किताब. मूळ नाव कुडतोजी, असे सांगतात. कुडतोजी म्हणून शोधले तर ते 'के'त, प्रतापराव म्हणून 'पी'त आणि आडनावाने 'जी'त. सरनोबतांचे हे झाले, मग आपली कथा काय? माहेरचे नाव एक, सासरचे दुसरे, शाळेच्या दाखल्यावर तिसरे. यादीत नाव नाही म्हणून आपण परत फिरतो आणि ते बिचारे दुसऱ्याच अक्षराखाली वाट पाहत असते! म्हणून यादी हाती आली, की पहिला प्रश्न विचारावा: "ही आडनावाने लावली आहे की नावाने?" दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी असते. पासपोर्टात आडनाव आणि नाव यांचे रकाने वेगळे असतात. रकाना पाहूनच नाव लिहावे.

पण यादीत सापडायला मुळात नाव सांगावे लागते. १९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत देशातल्या सुमारे ८ कोटी स्त्री-मतदारांपैकी जवळजवळ २८ लाख जणींची नावे यादीतून काढावी लागली. का? तर त्यांनी स्वतःचे नाव सांगितले नाही. अमक्याची बायको, तमक्याची आई, एवढेच सांगितले. त्यात अधिक करून उत्तरेकडच्या प्रांतांतल्या बायका होत्या; पण नाव घ्यायची लाज आपल्याकडे काय कमी होती? आता काळ पालटला. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर मुलाचे नाव, मग आईचे, मग वडिलांचे आणि शेवटी आडनाव, असा क्रम महाराष्ट्र शासनाने ठरवला आहे. आईला रांगेत जागा मिळाली, तीही दुसरी!

आता मनातली एक गोष्ट बोलते. क्रम लावताना 'सौ.' आणि 'श्रीमती' धरत नाहीत. धरले तर अर्धे गाव 'एस'खालीच गोळा होईल! पण पुष्कळ मंडळांच्या वह्यांत अजून सौभाग्यवती वर आणि 'गं. भा.' खाली, अशी रीत आहे. कपाळ पाहून लावलेली ही रांग. अक्षरांची रांग कपाळ पाहत नाही. हुद्दाही पाहत नाही. वरच्या दोन्ही याद्यांत सरनोबत तिसरेच आहेत. आपल्याच जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये विधवा प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि सरकारने तो इतर गावांपुढे आदर्श म्हणून ठेवला. मंगळसूत्र, कुंकू, बांगड्या यांचा प्रश्न एका गावाने सोडवायला घेतला. वहीतल्या दोन अक्षरांचा आपण सोडवू शकणार नाही का?

म्हणून माझी सूचना अशी. येत्या वर्षाची सभासद-यादी प्रत्येकीच्या स्वतःच्या नावाने, अक्षरांच्या क्रमाने लावावी. मागे-पुढे काही उपाधी नको. मग हळदीकुंकवाला जी दाराशी घुटमळते, तिचेही नाव आपल्या नावाला खेटून बसेल, आणि हजेरी घेताना तिला शेवटपर्यंत वाट पाहावी लागणार नाही. मराठी क्रमाची एक आणि इंग्रजी क्रमाची एक, अशा दोन याद्या कराव्यात. लेकी-सुना मदत करतील, आणि आपलीही उजळणी होईल.