शब्द त्याचे, चाल त्याची, मग आवाजही

(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला दहा मिनिटं दिली आहेत आणि "गाण्यावर बोल, पण गात बसू नकोस" असा दमही दिलाय. म्हणून आपल्याच काळातल्या एका पुणेकराबद्दल बोलते. संदीप खरे. जन्म १९७३ चा, म्हणजे आपल्याला दादा म्हणता येईल एवढाच मोठा.

'आयुष्यावर बोलू काही' तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. पण त्याआधीचा 'दिवस असे की' किती जणांनी ऐकलाय? (हात वर झाले ते मोजून चार!) त्यात शब्द संदीपचे आणि चालीही त्याच्याच. शीर्षकगीत मात्र गायलंय शैलेश रानडे यांनी.

आपल्याकडे भावगीताचा शिरस्ता वेगळा. १९५५ साली पुणे आकाशवाणीवर गीतरामायण झालं. छप्पन्न गाणी, शब्द गदिमांचे आणि चाली बाबूजींच्या. कवीनं लिहावं, संगीतकारानं चाल बांधावी, ही वाटणी आपल्या कानांत पक्की बसलेली. खरं तर शाहीर आणि कीर्तनकार पूर्वीपासून स्वतःचंच रचून गात आले, पण ते फडावर आणि देवळात. रेडिओवरचं गाणं वेगळं.

कवीच चाल लावतो तेव्हा गाणं बोलण्याच्या जवळ राहतं. मी लहान मुलांचे गाण्याचे वर्ग घेते, तिथे हे रोज दिसतं. वाक्य जिथे संपतं तिथेच श्वास येतो, मुलांना तो दाखवावा लागत नाही.

मग २००३ मध्ये सलील कुलकर्णींबरोबर कार्यक्रम सुरू झाला आणि गंमत झाली. ज्याच्या चाली स्वतःच्या होत्या, त्यानं बऱ्याचशा चाली मित्राच्या हाती दिल्या आणि स्वतः माइकसमोर उभा राहिला! सलील तयारीचे गायक. संदीपचा आवाज साधा, त्यात ताना-मुरक्या नाहीत. संगीताच्या बाई समोर बसल्या आहेत, त्यांना हे पटणार नाही; पण मला तो आवाज त्या शब्दांना जास्त शोभतो. 'मी मोर्चा नेला नाही' एखाद्या कसलेल्या गळ्यातून ऐकून बघा. आपण कधीच काही केलं नाही असं सांगणारा माणूस इतका सुरेल कसा, असं वाटेल.

हे गाणं हडपसरकरांना जरा जास्तच लागतं. आपल्यापैकी कितीतरी जणांचे वडील इथल्या औद्योगिक वसाहतीत कामाला होते. माझे अण्णाही. गेटसभा, युनियनची वर्गणी, संप मिटला की घरी येणारे पेढे, हे आपण पाहिलंय. आणि आपण? मगरपट्ट्यातल्या काचेच्या इमारतींत गळ्यात ओळखपत्र घालून शिरलो. मोर्चा निघाला तर आपली तक्रार गाडीतळावर गाडी अडकल्याची. अण्णांना मी हे गाणं ऐकवलं. ते शेवटपर्यंत ऐकत राहिले आणि म्हणाले, "हा आमच्याबद्दल नाही, तुमच्याबद्दल बोलतोय." मी मान डोलावली.

पुढे 'अग्गोबाई ढग्गोबाई' आलं, 'दमलेल्या बाबाची कहाणी' आली. पहिल्या अल्बममध्ये एकटेपणाचं गाणं करणारा तरुण आता मुलांशी बोलत होता, बाप होऊन बोलत होता. काही जणांना हे फार गोड वाटतं, रडवायलाच लिहिलंय असं वाटतं. 'बाबा'च्या बाबतीत मलाही थोडं तसं वाटतं. पण रात्री साडेनऊला मुलीला वर्गातून न्यायला येणारे बाप मी जिन्यात बघते. लॅपटॉपची बॅग अजून खांद्यावरच असते. त्यांना ते गाणं मुळीच गोड वाटत नाही.

माझा कौल मात्र अजून 'दिवस असे की'ला. त्या चालींत थोडा कच्चेपणा आहे, तो पुढे सापडत नाही. ज्यांनी ऐकलेला नाही त्यांच्यासाठी पेनड्राइव्हवर आणलाय, जेवणाच्या वेळी मंडपात लावणार आहोत. त्या वेळी कॅटरिंगवाल्याशी भांडू नका.