ओल्या फिल्मवरचा थेंब

घरच्या घरी कृष्णधवल रोल धुणाऱ्याचे सारे लक्ष सामान्यतः डेव्हलपरच्या तापमानावर आणि घड्याळाच्या काट्यावर असते, आणि फिक्सरनंतरची धुलाई संपली की काम झाले असे समजून फिल्म दोरीला अडकवली जाते. वस्तुतः निगेटिव्ह बिघडवणारे कितीतरी दोष या शेवटच्या, घाईने उरकल्या जाणाऱ्या टप्प्यातच निर्माण होतात. त्यांपैकी पाण्याच्या डागांचा विचार येथे करावयाचा आहे.

फिल्मला दोन अंगे असतात. एक अंग म्हणजे गुळगुळीत, पारदर्शक असा, बहुधा ट्रायॲसिटेटचा, पाया, आणि दुसरे म्हणजे त्यावर चढवलेला जिलेटिनचा थर, ज्यात चांदीचे सूक्ष्म कण अडकलेले असतात आणि ज्याला इमल्शन म्हणतात. या दोन अंगांवर पडणारे डाग दिसायला सारखे असले तरी त्यांची घडण वेगळी असते, आणि ती न ओळखल्यामुळेच पुष्कळदा चुकीचा उपाय केला जातो.

पायाच्या बाजूचा डाग हा क्षारांचा असतो. ज्या पाण्यात साबणाला फेस येत नाही त्या दुष्फेन पाण्यात, म्हणजे महाराष्ट्रातील पुष्कळशा बोअरच्या पाण्यात, कॅल्शियम आणि मॅग्नेशियम यांची बायकार्बोनेटे विरघळलेली असतात. पाणी उडून जाताना कार्बन डायऑक्साइडही निघून जातो आणि न विरघळणारे कार्बोनेट पांढुरक्या पुटाच्या रूपाने मागे उरते. हे पूट थेंबाच्या मध्यभागी न साचता कडेला का साचते, याचे स्पष्टीकरण रॉबर्ट डीगन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1997 साली ‘नेचर’ नियतकालिकात कॉफीच्या थेंबाच्या निमित्ताने दिले: थेंबाची कड पृष्ठभागाला धरून राहते, कडेचे पाणी आधी उडते, त्याची जागा घेण्यासाठी आतले पाणी बाहेरच्या बाजूला वाहते आणि आपल्याबरोबर सारा ऐवज कडेला नेऊन टाकते. एन्लार्जरखाली हे कडे प्रकाश विखुरते आणि छापील चित्रात, विशेषतः आकाशासारख्या सपाट भागात, फिकट वलय होऊन उमटते.

इमल्शनच्या बाजूचा डाग अधिक वाईट. तेथे क्षार मुळीच नसले तरी डाग पडू शकतो. कारण पाणी पिऊन फुगलेले जिलेटिन भोवताली वाळून आक्रसत असताना थेंबाखालचा भाग मात्र फुगलेलाच राहतो, त्यामुळे थरात ताण पडतो आणि चांदीचे कण जागचे हलतात. अशा डागाला कितीही पुसले तरी तो जात नाही. म्हणून फिल्मवर थेंब ठरूच न देणे, हाच खरा उपाय ठरतो.

पाणी थेंबाच्या रूपात गोळा होते ते पृष्ठताणामुळे, म्हणजे पृष्ठभाग आक्रसून घेण्याच्या द्रवाच्या प्रवृत्तीमुळे. 25 अंश सेल्सियसला शुद्ध पाण्याचा पृष्ठताण मीटरला सुमारे 72 मिलिन्यूटन इतका असतो. (पृष्ठभागावरील अशुद्धींमुळे तो कसा उतरतो, याचा पायाभूत अभ्यास आग्नेस पॉकेल्स या जर्मन बाईंनी विद्यापीठाची पायरी न चढता घरीच केला आणि तो 1891 साली लॉर्ड रॅले यांच्या पुढाकाराने प्रसिद्ध झाला; घरगुती प्रयोगांना कमी लेखणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.) हा ताण उतरवणाऱ्या द्रव्याला वेटिंग एजंट म्हणतात. कोडॅकचे फोटो-फ्लो 200 हे त्यांपैकी प्रसिद्ध असून ते 200 भाग पाण्यात एक भाग, म्हणजे लिटरला 5 मिलिलिटर, एवढेच घालावयाचे असते. 300 मिलिलिटरच्या टाकीला दीड मिलिलिटर पुरते, आणि ते इंजेक्शनच्या सिरिंजने मोजणे बरे. अंदाजाने ओतलेले जास्तीचे द्रव्य स्वतःच तेलकट पट्टे सोडते. भांडी घासण्याचा द्रवसाबण वापरण्याचा सल्ला सर्रास दिला जातो, परंतु त्यातील सुगंध, रंग आणि क्षार पाहता तो टाळणेच योग्य.

द्रावण डिस्टिल्ड पाण्यातच करावे. इन्व्हर्टरच्या बॅटरीसाठी मिळणारे असे पाणी या कामाला चालते, आणि आधीची सारी धुलाई नळाच्या पाण्यात करून केवळ ही अखेरची बुडी त्यात दिली तरी भागते. फिल्म रिळावरून सोडवून अर्धा ते एक मिनिट, फेस न होऊ देता, बुडवावी. कारण वेटिंग एजंटचा लेप प्लॅस्टिकच्या रिळावर साठला की पुढच्या खेपेस फिल्म त्यात अडकते.

रबरी पट्टीने किंवा बोटांनी फिल्म निपटून घ्यावी की नाही, यावर छायाचित्रकारांत जुना मतभेद आहे. ओले जिलेटिन इतके मऊ असते की पट्टीला चिकटलेला धुळीचा एक कण 36 चित्रांच्या सुमारे दीड मीटर लांबीवर सलग ओरखडा काढू शकतो. डाग पायाच्या बाजूला असेल तर निघतो, ओरखडा निघत नाही, हे पाहता न पुसण्याचा पक्षच सबळ दिसतो. फिल्म उभी टांगून खाली वजनदार चिमटा लावण्याची रीत सर्वपरिचित आहे, पण तिच्यात दोन्ही कडांच्या छिद्रांत अडलेले पाणी उशिरा सुटून चित्रांवरून ओघळते. फिल्म दोन टोकांना ताणून तिरपी बांधली तर पाणी खालच्या कडेकडे जाते आणि तिच्यावरून निथळते.

वाळवण्याची घाई करू नये. केस सुकवण्याच्या यंत्राचा गरम झोत धूळ उडवतो आणि फिल्म विषम वाळवतो. पंखा बंद असलेली न्हाणी उत्तम. कोकणातल्या पावसाळ्यात मात्र तेथे फिल्म ताटकळत राहते, तेव्हा कोरडी बंद खोलीच शोधावी लागते.

इतके करूनही डाग पडलाच, तर फिल्म पुन्हा भिजवून वरील द्रावणातून काढावी. पायाच्या बाजूचे पूट एवढ्याने न सुटल्यास फिल्म सौम्य ॲसेटिक आम्लात थोडा वेळ बुडवली की कार्बोनेट विरघळते, मात्र त्यानंतर पुन्हा धुवावे लागते. रंगीत फिल्मच्या बाबतीत शेवटच्या रसायनातच वेटिंग एजंट मिसळलेला असतो, आणि त्यानंतर फिल्म पाण्याने धुवावयाची नसते.