जळलें म्हणजे संपलें नव्हे

आमची वाघोली २०२१ सालीं पुणें महानगरपालिकेंत गेली. तिच्या कडेला सायंकाळीं केव्हां केव्हां काळा, नाकाला झोंबणारा धूर उठतो. विजेच्या जुन्या तारांचें वेष्टण जाळून आंतील तांबें काढणें, हा तो उद्योग होय. एकदां एका माजी विद्यार्थ्यास मीं म्हटलें होतें, "अरे, जाळ मोठा कर, म्हणजे अपाय नाहीं." तो सल्ला चुकीचा होता, त्याची दुरुस्ती आज करतों.

तें वेष्टण बहुधा पी.व्ही.सी.चें असतें. शुद्ध पी.व्ही.सी.च्या वजनांत सुमारें ५७ टक्के क्लोरीन असतो. उष्णता दोनतीनशें अंश सेंटिग्रेडपर्यंत चढली कीं त्यांतून हायड्रोजन क्लोराइड वायु वेगानें सुटतो. डोळ्यांच्या व घशाच्या ओलाव्यांत मिळतांच त्याचें आम्ल बनतें; झोंबतें तें हेंच.

खरी मेख पुढें आहे. हा वायु आणि प्राणवायु यांपासून क्लोरीन व वाफ होतात. उलट क्लोरीन व वाफ यांपासून पुन्हा पहिली जोडी होते. ही तराजूची दोन पारडीं समजा. फार तापल्यास पारडें हायड्रोजन क्लोराइडकडे झुकतें, निवतांना क्लोरीनकडे. मात्र निवलेल्या वायूंत ही क्रिया मंदावते, म्हणून तिला एक मध्यस्थ लागतो. एकोणिसाव्या शतकांत हेन्री डीकन या इंग्रज रसायनज्ञानें कारखान्यांत क्लोरीन करण्यासाठीं जो मध्यस्थ योजिला, तो तांब्याचें क्लोराइड! आणि आमच्या तारेंत तर तांबेंच भरलेलें.

यास्तव ज्वाळेंत मोडलेले रेणु धूर निवतांना, सुमारें २०० ते ४५० अंशांच्या टप्प्यांत, काजळीच्या कार्बनाशीं नव्यानें जुळतात व डायॉक्सिन नांवाचीं घातक विषें उपजतात. तीं राखेंत व गवतावर बसतात, गुरांच्या चरबींत सांठतात आणि दुधावाटे आपल्या घरीं येतात. २००१ च्या स्टॉकहोम करारांत तांब्याच्या तारा जाळण्याचा उल्लेख अशा विषांचें उगमस्थान म्हणून आहे.

रुग्णालयांतील कचऱ्याच्या भट्टीस २०१६ च्या नियमांनीं दुसऱ्या कप्प्यांत सुमारें १०५० अंश उष्णता व वायूंस किमान दोन सेकंदांचा मुक्काम नेमून दिला आहे. उघड्या जाळास हें कोठून साधणार? तारा सोलून तांबें काढावें. वेळ अधिक लागतो, पण तांबेंही स्वच्छ निघतें. तो विद्यार्थी ऐकत असल्यास, मास्तरांचें तें वाक्य त्यानें खोडून टाकावें.