उसाच्या काट्यापासून विधानसभेपर्यंत



शेतकरी राजकारणात कसा येतो, या विषयावर मला बोलायला सांगितले आहे. मी मुख्यतः एकाच माणसाविषयी बोलणार आहे. त्यांचे नाव वसंतदादा पाटील. त्यांचा जन्म १९१७ सालचा. त्याच वर्षी हिंदुस्थान सरकारने शर्तबंद मजुरांची परदेशी पाठवणी थांबवली. आपले पूर्वज त्याआधीच मुंबई बंदरातून मॉरिशसला येऊन पोचले होते. कोणी रत्नागिरीकडचे, कोणी साताऱ्याकडचे. दादा सांगलीजवळच्या पद्माळे गावचे, म्हणजे साताऱ्यावरून वाहत येणाऱ्या कृष्णेच्याच काठचे.

आईवडील दादांच्या अगदी लहानपणी साथीत गेले. आजीने वाढवले. शाळा फार झाली नाही. पुढे ते स्वातंत्र्याच्या चळवळीत पडले, २४ जुलै १९४३ रोजी सांगलीचा तुरुंग फोडून साथीदारांसह बाहेर आले, खांद्याला गोळी लागली आणि पुन्हा पकडले गेले. महाराष्ट्रात ही कथा सर्वांना ठाऊक आहे, म्हणून ती इथेच सोडतो. १९५२ साली ते आमदार झाले ते याच पुण्याईवर. पण माझ्या मते त्यांच्या राजकारणाची मुळे रुजली ती साखर कारखान्यात.

असे का, हे या सभेत कोणाला समजावून सांगायला नको. भात कणगीत भरून ठेवता येते, तोडलेला ऊस ठेवता येत नाही. एक-दोन दिवसांत तो गाळला नाही तर वाळतो, साखर उतरते. म्हणून ज्याचा कारखाना त्याच्या हातात काटा, आणि ज्याच्या हातात काटा तोच भाव सांगणार.

१९३७ आठवा. आपल्याकडच्या छोट्या ऊसवाल्यांचा भर 'उबा' जातीच्या उसावर होता. उसाचे पीक भरघोस, पण त्यात साखर कमी. कारखान्यांनी त्याला पंधरा टक्के कमी भाव सांगितला. १३ ऑगस्टला लोक युनियन फ्लाकच्या कारखान्यावर चालून गेले, गोळीबार झाला, चार माणसे मेली. चौकशी आयोग बसला. अकरा वर्षांनी, १९४८ च्या निवडणुकीत, मतदार बारा हजारांच्या आसपास होते ते बहात्तर हजारांच्या जवळ गेले. अट होती ती कोणत्याही एका भाषेत साधे लिहिता-वाचता येण्याची. बैठकांमधून स्वयंसेवकांनी मोठ्या माणसांच्या हाती पाटी दिली, आणि ज्यांचे बापजादे अंगठा उठवून आले होते त्यांनी कौन्सिलात आपली माणसे पाठवली. कारखान्यात वाटा मात्र लगेच मिळाला नाही. त्यासाठी १९९४ चा शुगर इन्व्हेस्टमेंट ट्रस्ट यावा लागला.

महाराष्ट्रात वाट निराळी पडली. प्रवरेकाठी लोणीचे शेतकरी विठ्ठलराव विखे पाटील यांनी अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांना बरोबर घेऊन १९५० साली सहकारी साखर कारखाना उभा केला. तोच मार्ग दादांनी सांगलीत धरला. अशा कारखान्यासाठी गावोगाव फिरून भागभांडवल जमवावे लागते. ज्याला शंभर रुपये उसने काढून भाग घ्यायचा आहे, तो आधी माणूस पारखतो. आणि सहकारात दोन एकरवाल्याला एक मत, वीस एकरवाल्यालाही एकच. सभासद वार्षिक सभेला येतो, अहवाल चाळतो, वजन कमी का भरले म्हणून उभा राहून विचारतो. असा माणूस उद्या कालव्याचे पाणी आणि शाळेची इमारतही विचारणारच. दादांच्या मागे ही माणसे होती. १९७७ साली ते महाराष्ट्राचे मुख्यमंत्री झाले. पुढे पुन्हा मुख्यमंत्री असताना, १९८३ मध्ये, त्यांनी खाजगी अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. स्वतः फार न शिकलेल्या माणसाने हे केले, याचे मला कौतुक वाटते; त्या महाविद्यालयांच्या फीविषयी मी आज बोलत नाही.

पण आपल्यासारख्यांनी या कथेला टाळ्या वाजवून उठू नये. बऱ्याच कारखान्यांत अध्यक्षाची खुर्ची बापाकडून मुलाकडे आणि मुलाकडून नातवाकडे गेली. तेही एक वेळ सोडा. आपण वंशज कोणाचे? ऊस लावणाऱ्यांचे नव्हे, तोडणाऱ्यांचे. दरवर्षी दिवाळीच्या सुमारास बीडकडची कुटुंबे पश्चिम महाराष्ट्रात ऊस तोडायला येतात. नवरा-बायको मिळून 'एक कोयता' धरतात. मुकादमाकडून आधीच उचल घेतलेली असते, ती फेडायची. पाचटाच्या खोपीत राहायचे. एक दिवस काम चुकले तर 'खाडा' म्हणून पैसे कापतात. आपल्या पूर्वजांची एका दिवसाच्या गैरहजेरीला दोन दिवसांची मजुरी कापत, त्याला 'डबल कट' म्हणत. उचल, मुकादम आणि खाडा. सरदाराच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या घरांत हे शब्द कोणाला परके वाटतील?

कारखान्याच्या निवडणुकीत मत असते ते ऊस लावणाऱ्या सभासदाला. तोडणाऱ्याला नसते. विधानसभेला त्यालाही मत आहे. पण मतदान ऐन हंगामात आले, तर त्याचे नाव गावच्या यादीत असते आणि तो दूर कुठल्या तरी फडात कोयता चालवत असतो.