तार फिरली, आणि वाद पेटला

चुंबकीय क्षेत्रात विद्युतधारा वाहणारी तार ठेवली की तिच्यावर बल कार्य करतं. फ्लेमिंगचा डाव्या हाताचा नियम आपण सगळ्यांनी परीक्षेपुरता पाठ केलाय: तर्जनी क्षेत्राची, मधलं बोट धारेचं, अंगठा बलाचा. पण ही तार पहिल्यांदा फिरवणाऱ्या माणसावर चोरीचा आळ आला होता, ते पुस्तकात नसतं.

1820 मध्ये ओरस्टेड यांनी दाखवलं की विजेच्या तारेजवळ चुंबकसूची वळते. मग चुंबकानं तारही हलायला हवी! लंडनच्या वुलस्टन यांना वाटलं, ती स्वतःच्या अक्षाभोवती गिरकी घेईल. हम्फ्री डेव्ही यांच्यासोबत त्यांनी प्रयोगही केला. तार ढिम्म.

सप्टेंबर 1821 मध्ये डेव्हींचाच सहायक, पूर्वीचा बुकबाइंडर मायकेल फॅरडे, यानं पाऱ्याच्या भांड्यात चुंबक उभा केला आणि वरून तार लोंबती सोडली. पारा वीज वाहून नेतो, शिवाय तारेला अडवत नाही. धारा सुरू होताच तार चुंबकाभोवती गोल फिरू लागली. का? हे बल तारेला चुंबकाकडे ओढत नाही की दूर लोटत नाही. ते धारा आणि क्षेत्र दोन्हींना काटकोनात, म्हणजे बाजूला ढकलतं. प्रत्येक ठिकाणी बाजूलाच ढकललेली तार दुसरं काय करणार? हीच पहिली विद्युत मोटर.

फॅरडेनं घाईनं निबंध छापला, त्यात वुलस्टन-डेव्हींचा उल्लेख नव्हता. कुजबुज सुरू झाली. माझं मत विचाराल तर उल्लेख हवाच होता; पण चोरी म्हणावी तर वुलस्टन यांची गिरकी वेगळी, ही प्रदक्षिणा वेगळी. 1824 मध्ये फॅरडे रॉयल सोसायटीचा सदस्य झाला, तोही अध्यक्ष डेव्हींचा विरोध असताना.

बल किती असतं? क्षेत्र 0.1 टेस्ला, धारा 2 अँपिअर, लांबी 5 सेंटिमीटर. तिन्हींचा गुणाकार 0.01 न्यूटन, साधारण एक ग्रॅम वजनाइतकं. बारीक तारेला पुष्कळ झालं.

घरी पारा नको, तो विषारी. ॲल्युमिनियम फॉइलची बारीक पट्टी चुंबकावर सैल धरा, टोकं क्षणभर पेन्सिल सेलला लावा. पट्टी उडी मारेल. लगेच सोडा, ती तापते. आता टोकांची अदलाबदल करा आणि कुठल्या बाजूला उडते ते कमेंटमध्ये लिहा.